मुंबईचा फोर्ट परिसर दोन दिवसांत, वयस्कर आईसोबत

सदाशिवपेठी:
येत्या शनिवारी डेक्कन क्वीनने साडेदहाच्या सुमारास छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचे, रात्री फोर्टमध्येच मुक्काम करायचा आणि रविवारी ५.१० ला त्याच गाडीने पुण्याला परतायचे, असा बेत आहे. सोबत ७२ वर्षांची आई आहे. सपाट रस्त्यावर ती सावकाश चालते, मात्र जिने तिला झेपत नाहीत. आम्हांला जुन्या इमारतींची आवड आहे. कोणत्या दिवशी काय पाहावे?

गिरगावकर:
शनिवारी उन्हाची वेळ छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला द्यावी आणि रस्त्यावरचे सारे रविवारी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान पाहावे, कारण तेव्हा कचेऱ्या बंद असल्याने पदपथ मोकळे असतात आणि मान वर करून उभे राहिले तरी कोणाचा धक्का लागत नाही. स्थानक मात्र उतरल्या उतरल्याच पाहून घ्या. फाटकाच्या एका खांबावर इंग्लंडचा सिंह आणि दुसऱ्यावर भारताचा वाघ बसवलेला आहे. भिंतींवरचे पशुपक्षी व पानाफुलांचे बरेचसे कोरीवकाम मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी केलेले आहे. समोरची महापालिकेची इमारतही स्थानकाचे वास्तुविशारद स्टीव्हन्स यांचीच. इराणी हॉटेलातला ब्रून मस्काही शनिवारीच उरकावा, कारण फोर्टमधली अशी बरीच हॉटेले रविवारी बंद असतात.

पायी_पायी:
वेळेबाबत सहमत आहे. रविवारची सुरुवात हुतात्मा चौकातून करावी. तेथील फ्लोरा फाउंटन १८६४ सालचे. किल्ल्याची तटबंदी पाडली गेली त्याच दशकातले, आणि तटाच्या चर्चगेट नावाच्या दरवाजाच्या जागी उभारलेले. ज्या चर्चवरून त्या दरवाजाला आणि पुढे रेल्वे स्थानकाला हे नाव मिळाले, ते १७१८ चे सेंट थॉमस कॅथेड्रल तेथून हाकेच्या अंतरावर आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचे स्मारक शेजारीच असल्याने आईंना तेथे थोडे थांबावेसे वाटेल. पुढे एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलला तीस पायऱ्या आहेत. त्या चढण्याचा आग्रह धरू नये. त्याचे खांब समोरच्या हॉर्निमन सर्कलवरूनही उत्तम दिसतात.

सदाशिवपेठी:
मनःपूर्वक आभार. राजाबाई टॉवर आणि गेटवे यांपैकी एकच जमणार असेल, तर कोणता निवडावा?

गिरगावकर:
राजाबाई टॉवर. तो ओव्हल मैदानाच्या कडेने पाहावा. प्रेमचंद रायचंद यांनी आईच्या नावे दिलेल्या देणगीतून १८७८ मध्ये पूर्ण झालेला हा मनोरा आणि उच्च न्यायालय मैदानाच्या एका बाजूला, तर १९३०च्या दशकातील आर्ट डेको इमारतींची रांग दुसऱ्या बाजूला, असे दोन काळ तेथे समोरासमोर उभे आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्हींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला. गेटवेला रविवारी दुपारनंतर एवढी झुंबड उडते, की वयस्कर माणसाला तेथे नेणे मला तरी पटत नाही. फारच इच्छा असेल, तर शनिवारी वस्तुसंग्रहालयातून निघाल्यावर टॅक्सीने पाच मिनिटे जाऊन यावे.