धडधड सुरू झाली की 'शांत संगीता'नं उलट जास्तच घाबरायला होतं – मदत हवी आहे

रातजागर

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको करत होते, शेवटी धागा काढतेय. गेले पाचेक महिने रात्री अंथरुणाला पाठ टेकली की छातीत धडधडायला लागतं. कारण म्हणावं तर काहीच नाही. उद्याचं काम, आईची तब्येत, दुपारी पाठवलेल्या ईमेलमधलं एखादं वाक्य, एकातून दुसरं निघत जातं. तळहाताला घाम, घशात आवंढा अडकल्यासारखा. डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉइड, रक्त सगळं तपासलं, सगळं नीट आहे. 'अँग्झायटी आहे' म्हणाले आणि समुपदेशकाकडे पाठवलं. तिथली वेळ पुढच्या महिन्यात मिळालीय. 'तोवर गाणी ऐकत जा' हे त्यांनी जाता जाता सांगितलं.

गाणी मला आवडतातच. म्हणून मन शांत करणारं म्हणतात तसलं तासाभराचं रेकॉर्डिंग लावलं. वाहतं पाणी, मागे बासरी. दोन मिनिटांत मी बासरी ऐकतच नसते, मी शांत झाले का ते तपासत असते. मग घड्याळात नाडी बघते. ९६. मग त्या ९६ ची धास्ती. बासरी आपली चालूच. आता तर तिचा पहिला सूर आला तरी पोटात खड्डा पडतो.

याला खरंच काही आधार आहे की नुसतं मनाचं समाधान? आणि असेल तर माझं काय चुकतंय? काय ऐकायचं, किती वेळ, कसं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

स्पष्टवक्ता

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा आणि डोळे मिटून पडा. निम्मे आजार त्या घड्याळानंच आणलेत.

रातजागर

घड्याळाबद्दल पटलं. 'डोळे मिटून पडा' जमत असतं तर धागा काढला नसता हो.

खर्जातला सा

'शांत झाले का ते तपासत असते' वाचून हसू आलं, रागावू नका. मी हेच वर्षभर केलंय. मी डॉक्टर नाही, पण त्या वर्षात यावर बरंच वाचून काढलं.

आधार आहे. ऑपरेशनच्या आधी रुग्णांना जी भीती वाटते तिच्यावर बरंच काम झालंय. कॉक्रेन (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारी संस्था) हिच्या २०१३ च्या आढाव्यात २६ चाचण्या, दोन हजारांवर रुग्ण एकत्र घेतले होते. संगीत ऐकलेल्यांना वाटणारी भीती न ऐकलेल्यांपेक्षा कमी भरली. नाडीवर मात्र परिणाम अगदी थोडा दिसला. म्हणजे माणसाला बरं वाटतं, आकडा फारसा हलत नाही. तेव्हा ९६ बघून गाण्याला नापास करू नका.

दुसरं, शांत संगीत म्हणजे बासरीच असं कुणी सांगितलं? लुचानो बर्नार्डी या इटालियन डॉक्टर-संशोधकानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली २४ जणांना निरनिराळ्या जातकुळीचं संगीत ऐकवलं, अगदी रागापासून रॅपपर्यंत. लय चढली की श्वास आणि नाडीही चढायची. प्रकार कोणता, यापेक्षा लय महत्त्वाची ठरली. गंमत पुढे आहे. मध्येच दोन मिनिटं काहीच वाजवलं नाही, तर त्या खंडात नाडी आणि रक्तदाब सुरुवातीपेक्षाही खाली उतरले. तासभर न थांबणाऱ्या रेकॉर्डिंगमध्ये नेमका हा खंडच मिळत नाही. दोन-तीन गाणी ऐका, बंद करा आणि तशाच पडून राहा.

आणि एकदम तळाला उडी मारू नका. संगीतोपचारात एक जुनी रीत आहे, १९४० च्या दशकात इरा अल्टशुलर या मानसोपचारतज्ज्ञानं मांडलेली: मन ज्या लयीत आहे त्याच लयीचं आधी वाजवायचं, मग पायरी पायरीनं खाली यायचं. धडधडत्या छातीला संथ आलाप म्हणजे चिडलेल्या माणसाला 'शांत हो' म्हणण्यासारखं. मी आधी एक बऱ्यापैकी ठेक्याचं, पाठ असलेलं गाणं लावते. पाठ असलेलंच हवं, पुढची ओळ आपल्याला आधीच ठाऊक असते, दचकायला काही उरत नाही. मग मध्यम लयीचं. तिसरं विलंबित, शब्द नसलेलं. आवाज इतका बारीक की कान द्यावा लागेल.

सोबत ओठ मिटून गुणगुणा. गुणगुणायचं म्हणजे श्वास हळूहळू सोडणं आलंच, आणि श्वास सोडताना नाडी मंदावते हे साधं शरीरशास्त्र आहे. बेसूर असलात तरी चालेल. मी आहे.

पाचवी ओळ

वरच्या प्रतिसादाला +१. मी समुपदेशनाचं काम करते, दोन गोष्टी जोडते.

तुमची बासरी बिचारी निर्दोष आहे. ती फक्त घबराटीच्या वेळीच लावलीत, म्हणून घबराटीला चिकटली. नवीन गाणी निवडाल ती दिवसा, बरं वाटत असताना आठवडाभर ऐका, मगच रात्री लावा. जुन्या दुःखाची आठवण काढणारी गाणी यातून वगळा. मन मोकळं होतं म्हणून ती लावतात आणि बऱ्याचदा तेच तेच उगाळत बसतात.

दुसरं म्हणजे कानात गाणं असल्याशिवाय घराबाहेर पाऊलच टाकता येत नाही, असं व्हायला लागलं तर समुपदेशकांना जरूर सांगा. उपचारात आम्ही याला सेफ्टी बिहेवियर म्हणतो. भीती आपोआपही ओसरते हे कळायची संधीच त्यात मिळत नाही. तुमचं तसं झालेलं दिसत नाही. पुढच्या महिन्याची वेळ मात्र गाण्यांनी बरं वाटलं म्हणून रद्द करू नका. आणि मध्येच जीव नकोसा वाटला, तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि दवाखाना गाठा.

रातजागर

सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी लिहितेय. घड्याळ कपाटात गेलं. पहिले पाच दिवस फक्त संध्याकाळी ऐकलं (आठवडा धीर धरवला नाही), मग रात्री. तीन रात्री काही फरक नाही, एका रात्री तर ठेक्याच्या गाण्यानं झोप पार उडाली, उठून कपडे घड्या करत बसले. पण परवा तिसरं गाणं संपल्यावर जो खंड आला त्यात पंख्याचा आवाज ऐकू आला. पाच महिने तोच पंखा डोक्यावर फिरतोय. झोप पावणेदोनला लागली, पण नाडी बघायचं काही सुचलं नाही.

एक शंका: तिसऱ्या गाण्यानंतर फोन आपोआप पुढचं वाजवायला लागतो, ते कसं बंद करायचं?

स्पष्टवक्ता

सेटिंगमध्ये ऑटोप्ले बंद करा. नाहीतर तीनच गाण्यांची वेगळी यादी करा आणि रिपीट काढून टाका.