मदत हवी आहे: जुनी बॉक्स्टर की नवी व्ही९०?

ठाण्यात घोडबंदर रोडला रोजची ये-जा, महिन्यातून एकदा लोणावळा. बजेट एकच, त्यात दोन सेकंड हँड गाड्या बसतायत: २००७ ची पोर्शे बॉक्स्टर २.७ आणि २०१८ ची व्होल्व्हो व्ही९० क्रॉस कंट्री डिझेल.

व्होल्व्होचा हिशोब सोपा: पाच जण, ५६० लिटर डिकी, २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स. प्रश्न डीपीएफचा, म्हणजे डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा. सिग्नलला रखडणाऱ्या छोट्या फेऱ्यांत तो तुंबतो, मोकळ्या हायवेवर गाडी सलग पळाली तरच काजळी जळते. महिन्याला एक एक्स्प्रेस वे फेरी पुरेल का? टायमिंग बेल्टही किलोमीटर कमी असले तरी वयानुसार बदलावा लागतो ना?

बॉक्स्टर दोन सीटर, हे मान्यच. खरी धास्ती आयएमएस बेअरिंगची, म्हणजे इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगची. २००६ ते २००८ च्या इंजिनांत ते मोठ्या मापाचं असतं, क्वचितच जातं. पण बदलायचं तर क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) उघडावी लागते, म्हणजे जवळजवळ अख्खं इंजिन. बेअरिंग झिजतंय का ते बघायला ऑइल फिल्टर कापून त्याच्या घड्यांत धातूचे चमकदार कण शोधायचे, एवढं माहीत आहे. सौद्याआधी हे करून देणारा मेकॅनिक ठाणे-नवी मुंबईत कोण? शिवाय उघडणाऱ्या छताच्या पाणी-निचऱ्याच्या नळ्या पावसाळ्याआधी मोकळ्या करायच्या, आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा जुन्या रबरी पाइपांना त्रास होतो तो वेगळाच.

बॉक्स्टरला १५ वर्षं उलटलेली असल्याने आरसी पुन्हा पाच वर्षांसाठी नोंदलेली आहे का, हरित कर भरलाय का, हे बघेनच. विम्याची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) एवढ्या जुन्या गाडीला कशी ठरवून घेता?