टेस्टमधल्या 'हेल्पर'ला मराठीत काय म्हणावं?

होटगी रोड: सोलापुरातल्या कॉलेजच्या मुलांसाठी पायटेस्टवर (पायथनमधला कोड तपासायचं साधन) मराठी टिपण होतंय. दोन शब्द अडलेत. त्याच ओळी टेस्टमागून टेस्टमध्ये येतात त्या 'रिपिटिशन'ला पुनरावृत्ती की पुनरुक्ती? आणि त्या ओळी एकदाच लिहून टेस्टमधून बोलवायच्या फंक्शनला, 'हेल्पर'ला, मदतनीस चालेल का?

सात रस्ता: पुनरावृत्ती नको. आवृत्ती म्हटलं की मुलं व्हर्जनकडे जातील. पुनरुक्ती घ्या, ती दोष म्हणूनच ओळखली जाते. खरं तर व्याकरणातला 'अंशाभ्यस्त' (थोडा बदलून पुन्हा येणारा) चपखल बसतो: बारीकसारीक, शेजारीपाजारी. लॉगिन, कार्ट, पत्ता अशा आठ ओळी बारा टेस्टमध्ये चिकटवल्या की प्रत्येकीत एखादं अक्षर वेगळं होतं. मग बटणाचा आयडी बदलला की शोधून अकरा जागी दुरुस्ती होते, बारावी निसटते.

साखर पेठ: मदतनीस म्हणजे अंगणवाडीतल्या बाई. उद्या कुणी 'साचा' सुचवेल, पण गिरणीच्या बोलीत साचा म्हणजे माग. विणकामाचं ते साचेखातं. 'हेल्पर'च राहू द्या मालक, कारखान्यातही हेल्परच म्हणतात. फिक्स्चरला, म्हणजे टेस्टला लागणारी गोष्ट पायटेस्ट ज्यातून आधी तयार करून देतं त्या फंक्शनला, 'पूर्वतयारी' म्हणा. माग सुरू करण्याआधी बीम चढवतात, तसं.

होटगी रोड: हेल्पर आणि फिक्स्चर, दोन्हींना एकच शब्द नाही का चालणार?

साखर पेठ: नाही. पायटेस्ट स्वतःच फरक करतं. असर्ट (अपेक्षित तेच आलं का, ही तपासणी) फिक्स्चरच्या तयारीत फसला तर रिपोर्टमध्ये 'एरर', टेस्टने बोलावलेल्या हेल्परमध्ये फसला तर 'फेल्ड'. शब्द एक केला की मुलं मुख्य तपासणी फिक्स्चरमध्ये कोंबतात आणि रिपोर्ट वाचता येत नाही.

सात रस्ता: 'पूर्वतयारी' अर्धीच आहे. फिक्स्चरमध्ये यील्डच्या (जिथे थांबून टेस्ट चालते ती ओळ) आधी मांडामांड, नंतर आवराआवर. (घ्या, हे दोन्हीही अभ्यस्तच!) तेव्हा फिक्स्चर तसंच ठेवा, त्याचे भाग मराठीत सांगा. आणि स्कोप, म्हणजे एकदा बनवलेलं फिक्स्चर किती टेस्टना पुरवायचं ते, समजवाच. ऑर्डरचं फिक्स्चर सेशन स्कोपवर (सगळ्या टेस्टसाठी एकदाच) ठेवलं की सगळ्यांना एकच ऑर्डर मिळते. एका टेस्टने ती रद्द केली की पुढची पडते, एकटी चालवली तर पास. बदलणारा डेटा फंक्शन स्कोपवरच (दर टेस्टला नवा). डिफॉल्ट तोच आहे.

होटगी रोड: नावं कशी द्यायची?

साखर पेठ: हेल्परला आज्ञार्थ: ऑर्डर_बनव(नग=1, पिनकोड='413001'). फिक्स्चरला नाम: ताजी_ऑर्डर. पायथन 3 मध्ये देवनागरी नावं चालतात. टेस्टच्या नावाआधी तेवढा 'टेस्ट' हा रोमन उपसर्ग लागतो. जी किंमत तपासायची ती मात्र टेस्टमध्येच लिहायची. घाऊक सवलतीची टेस्ट असेल तर नग=50 समोर दिसायला हवा, हेल्परच्या डिफॉल्टमध्ये दडलेला नको.

सात रस्ता: एक राहिलं. हेल्पर साध्या वेगळ्या फाइलीत हलवले की असर्ट फसल्यावर दोन्ही बाजूंच्या किमती दिसत नाहीत, नुसतं 'असर्शन एरर' येतं. कॉन्फटेस्टमध्ये (पायटेस्टची सामाईक फाइल), हेल्परची फाइल इम्पोर्ट होण्याआधी, पायटेस्टच्या 'रजिस्टर असर्ट रीराइट' या फंक्शनला तिचं नाव द्यायचं. इम्पोर्टनंतर दिलं तर उपयोग नाही.