मदत हवी आहे: १७१ (पांढरा खाद्यरंग) न घालता बटरक्रीम पांढरं कसं करू? (रविवारची ऑर्डर)

केकवाली_चिंचवड:
नमस्कार मंडळी. मी घरून केक करते. रविवारी एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा दोन किलोचा केक आहे. बिनअंड्याचा, पांढराशुभ्र, वर फक्त हिरवी पानं. बाळाची आई जर्मनीहून आली आहे. तिने सगळ्या सामानाचे फोटो मागवले आणि पांढऱ्या रंगाच्या बाटलीवर नेमकं बोट ठेवलं. "ताई, यात १७१ आहे. आमच्याकडे बंद आहे ते."

मी इतकी वर्षं ती बाटली डोळे झाकून वापरतेय. आज पहिल्यांदा नीट पाहिली. न हलवता उघडली तर वर नुसतं पाणी, तळाशी चुन्यासारखा साका. बारीक अक्षरात टायटॅनियम डायऑक्साइड, म्हणजेच ते १७१. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटावरही हेच नाव निघालं, तेव्हा तर डोकंच फिरलं.

दोन प्रश्न. हे खरंच वाईट आहे का? आणि ते न घालता पांढरं कसं करायचं? फॉन्डंट (साखरेचं लाटलेलं आवरण) नकोय त्यांना, आणि हॉलला एसी नाही, म्हणून व्हिपिंग क्रीमवर भरवसा नाही. बटरक्रीमच लागेल, आणि ते पिवळटच होतं.

डबा_आणि_लेबल:
फूड टेक्नॉलॉजी शिकलोय, म्हणून लिहितो. हे खनिज आहे, पाण्यात विरघळत नाही, म्हणून तळाशी बसतं. त्याचे बारीक कण प्रकाश इतका विखुरतात की खालचा पिवळा रंग झाकला जातो. म्हणजे तुम्ही केकला एक प्रकारे डिस्टेंपरच मारत होतात, राग मानू नका. घराच्या पांढऱ्या रंगात हेच असतं, खाण्यातलं जास्त शुद्ध, एवढंच.

बंदीचं खरं आहे. फ्रान्सने २०२० पासून थांबवलं. मे २०२१ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सांगितलं की यामुळे डीएनएला इजा होण्याची शक्यता नाकारता येत नाही, त्यामुळे रोज किती खाल्लं तर चालेल हे ठरवता येत नाही. काही कण १०० नॅनोमीटरहूनही लहान असतात, खरी काळजी त्यांची. ७ ऑगस्ट २०२२ नंतर युरोपियन युनियनमध्ये खाण्याच्या पदार्थांत पूर्ण बंद. पण 'विष आहे' असं त्यांनी म्हटलेलं नाही. अमेरिकेत वजनाच्या १ टक्क्यापर्यंत चालतं, आणि जागतिक आरोग्य संघटना व एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना) यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये मर्यादा घालायची गरज नाही हे आपलं जुनं मत कायम ठेवलं. औषधांत तर युरोपातही चालू आहे, तेव्हा सासूबाईंची गोळी बंद करू नका!

माझं मत विचाराल तर: गोळीला कारण आहे, केक पांढरा दिसण्याला नाही. गिऱ्हाईक नको म्हणतंय ना, विषय संपला.

काळी_वाळू:
जरा अवांतर. आमच्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते, त्यात इल्मेनाइट हे टायटॅनियम आणि लोखंडाचं खनिज असतं. त्यातलं लोखंड काढून टाकलं की हाच पांढराशुभ्र रंग मिळतो. लहानपणी त्याच वाळूत किल्ले केलेत.

लोणकढी:
कामाचं बोला हो. ताई, बटर कुठलं वापरता? पिवळं खारं असेल तर आधी ते बंद. त्यात ॲनाटो हा पिवळा रंग घातलेला असतो, लेबल वाचा. पांढरं अनसॉल्टेड घ्या. आपलं म्हशीच्या दुधाचं लोणी कसं पांढरं असतं? तसं. (घरचं विरजणाचं मात्र नको, आंबूस वास लागतो.)

मग बटर एकटंच फेटा, बीटरवर आठ-दहा मिनिटं, साखर न घालता. हवा भरली की रंग आपोआप उतरतो. व्हॅनिला इसेन्स बिनरंगाचा घ्या, तपकिरी घेतलात की मेहनत पाण्यात. शेवटी टूथपिकच्या टोकाला लागेल एवढाच जांभळा जेल रंग. कपड्यांना नीळ देतो ना, तेच तत्त्व. जांभळा पिवळ्याला मारतो.

केकवाली_चिंचवड:
नीळ! हे कसं सुचलं नाही मला. जांभळ्या जेलच्या डबीवर १७१ आहे का तेही पाहते, काही रंगांत मिसळलेलं असतं म्हणे.

डबा_आणि_लेबल:
असतं. फिक्या, दुधाळ रंगांत हमखास. पानांच्या हिरव्याचंही बघा.

केकवाली_चिंचवड:
शनिवार रात्रीचा अहवाल. जांभळ्यात नव्हतं, हिरव्यात निघालं, दुसरं आणलं. पहिल्या घाण्यात जांभळा जास्त पडला आणि क्रीम चक्क राखाडी झालं, सिमेंटसारखं. तो घाणा चॉकलेटमध्ये ढकलला. दुसरा जमला. जुन्या केकच्या फोटोशेजारी धरला तर हस्तिदंती वाटतो, पण नुसता पाहिला तर पांढराच. बाळाच्या आईला फोटो पाठवला, तिचा अंगठा आलाय. आता फक्त उद्या हॉलमध्ये वितळू नये.

लोणकढी:
गाडीत एसी लावून न्या, आणि डबा मांडीवर नको, पायाशी सपाट ठेवा.