'सैराट'चा शेवट बदलायला हवा होता का? तुमचे अनुभव लिहा

नागराज मंजुळेंचा 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला लागला. तेव्हापासून तो टीव्हीवर लागला की आमच्या घरात कुणीतरी म्हणतंच, "शेवट असा करायला नको होता." हिंदीवाल्यांनी २०१८ मध्ये 'धडक' काढताना तो बदललासुद्धा. म्हणून विचारतेय. परीक्षण नको, ती भरपूर झाली. पिक्चर पाहिल्यावर तुमच्या घरात, गावात, लग्नात काय घडलं ते सांगा. ज्यांनी अजून पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरावं, पुढे सगळं उघड आहे. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: पाटलांची आर्ची आणि खालच्या मानलेल्या जातीतला परश्या पळून जाऊन संसार थाटतात, आणि शेवटी तिचा भाऊ प्रिन्स माणसांसोबत भेटवस्तू घेऊन घरी येतो आणि दोघांना मारतो.

माहेर करमाळा, सासर पुणे

पिक्चरमधली बारव, केळीच्या बागा, उजनीचं पाणी, हे सगळं आमच्या रोजच्या बघण्यातलं. त्यामुळे पहिला अर्धा भाग मी माहेरपणासारखा पाहिला. आमचं लग्न जातीबाहेरचं, रजिस्टर. घरचे बरीच वर्षं बोलत नव्हते, नुकते भावाचे फोन यायला लागले होते. थिएटरातून बाहेर पडलो तर नवरा पार्किंगपर्यंत गप्प. गाडीला किक मारताना एवढंच म्हणाला, "दादाला पत्ता दिलायस का?"

दिला होता. दिवाळीत दादा आला. हातात फराळाची पिशवी, आईने दिलेली साडी. मी चहा ठेवायला आत जायला हवं, पण पाय हलेना. नवरा उगाच दारात उभा. शेजारच्या काकूंना मी आधीच सांगून ठेवलं होतं की मुलीला तासभर तुमच्याकडेच राहू द्या. दादाने पिशवी टेबलावर ठेवली, दोघांकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी पण बघितलाय तो पिक्चर." मग स्वतःच स्वयंपाकघरात गेला आणि साखर कुठंय विचारायला लागला.

शेवट बदलू नये असंच माझं मत आहे. पण माझ्या सरळ भावाला माझ्या दारात संशयित होऊन उभं राहावं लागलं, त्याचा राग कुणावर काढायचा ते अजून कळलेलं नाही.

पिंपरी

माझा 'सैराट' मध्यंतरालाच संपतो. चारही गाणी झालेली असतात, आर्ची-परश्या जिवंत असतात. टीव्ही बंद. बायको म्हणते हा पळपुटेपणा आहे. असू दे.

टेंभुर्णीकडचा, बँजो पार्टीत कॅशिओ वाजवतो

अजय-अतुलनी ती गाणी लॉस एंजेलिसला जाऊन मोठ्ठा वाद्यवृंद बसवून केली. आमी ती एक कॅशिओ, एक बँजो न् दोन ढोलांवर वाजवतो. 'झिंगाट' वाजल्याबिगर वरात पुढं सरकत न्हाय. त्या गाण्याचा न् शेवटाचा काय संबंध हाय हे नाचणाऱ्याच्या ध्यानातबी नसतंय. पिक्चरमदी ते गाणं सरलं की लगेच दोघं सापडत्यात, तेबी कुणाला आठवत न्हाय. फकस्त एका वरातीत, नवरी परजातीची, घरच्यांनी कसंबसं कबूल केलेलं. पोरं म्हणली 'झिंगाट' लावा. नवरदेवाचा मामा म्होरं आला न् आमच्या मास्तरच्या कानात म्हणला, "ते सोडून काय बी वाजवा." आमी गोंधळ वाजवला. शेवट गोड केला असता तर मामानं आडवलं नसतं, आन् मलाबी कधी इचार करायला लागला नसता.

मुंबई

'धडक'मध्ये नवरा आणि मूल मरतात, बायको वाचते. काहींना तो शेवट सौम्य वाटतो, मला उलट वाटतं. तिथे आपल्या वतीने रडायला एक माणूस मागे ठेवलाय, आपण तिच्याबरोबर रडून मोकळे. 'सैराट'मध्ये मागे उरतं ते चालायला शिकलेलं पोर, आणि त्याच्या रडण्याचाही आवाज दिग्दर्शकाने काढून घेतलाय. शिवाय कथा उदयपूरला नेताना जात इतकी पुसट केली की त्यांना कशासाठी मारलं हेच नीट कळत नाही. मग शेवट कोणताही ठेवा.

म्हापसा, वय सत्तरीच्या पुढे

आमच्या वेळी 'एक दुजे के लिए' होता, १९८१ चा. गोव्यातच घडतो. त्यात दोघं कड्यावरून उडी मारतात. आम्ही भरपूर रडलो आणि महिनाभर लताबाईंची, बालसुब्रह्मण्यमची गाणी गुणगुणत राहिलो. त्या दोघांनी कधी एकत्र संसार केलाच नव्हता. परश्या डोशाच्या गाडीवर राबला, आर्ची कारखान्यात. दोघांनी भांडणं केली, तुटले, परत जुळले, फ्लॅट बघायला गेले. संसार उभा राहिल्यावर मारलं. मला तेच सहन झालं नाही. बदलला असता तर चाललं असतं, मी तरी तक्रार केली नसती.

जामखेड तालुका

आमच्या इथे खर्ड्याला एप्रिल २०१४ मध्ये एका शाळकरी मुलाला मारून टाकलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो, हा संशय. नोव्हेंबर २०१७ मध्ये खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. कोल्हापुरात डिसेंबर २०१५ मध्ये मुलीच्या भावांनी बहीण आणि मेहुणा दोघांनाही संपवलं. ज्यांना पिक्चरचा शेवट बदलून हवाय त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण आमच्याकडचे लोक बदला म्हणतात तेव्हा बहुतेकांना तो विषयच नको असतो.

नाशिक रोड

सगळे भावावर बोलतात, मी त्या आईचा विचार करते. आर्ची तिला फोन करते आणि नंतर भाऊ "आईने पाठवलंय" म्हणत भेटवस्तू घेऊन येतो. आईला काय माहीत होतं? पिक्चर सांगत नाही. माझी मुलगी तिच्या पसंतीने लग्न करून गेली. पत्ता दिलेला नाही, मी विचारत नाही. फोनवर सुद्धा "कुठे आहेस" हा शब्द तोंडातून जाऊ देत नाही, घरात ऐकणारे आहेत. मला शेवट बदलून हवा. त्या आईला एकदा तरी बोलू द्यायला हवं होतं.

सोलापूर जिल्हा, कॉलेजात शिकवतो

बदला म्हणणाऱ्यांनी कुठून बदलायचा तेही सांगावं. दारात रांगोळी काढणाऱ्या आर्चीसमोर भाऊ उभा राहिला, तिथे बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं. माझ्या मते जागा फार आधीची आहे. प्रिन्स भर वर्गात नव्या सरांच्या थोबाडीत मारतो. थिएटरात त्या प्रसंगाला मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या होत्या, त्यात आमचे विद्यार्थीही होते. ते सर पाटलांच्या वाड्यावर जाण्याऐवजी पोलीस चौकीत गेले असते तर? मला कथा लिहिता येत नाही, पण बदल करायचाच तर तिथून करा. आणि आमच्या कॉलेजात असं झालं तर मी चौकीत जाईन का, हे विचाराल तर आमचे संस्थाचालक कोण आहेत ते आधी विचारा.