‘विषय’, ‘मुद्दा’ की ‘तात्पर्य’?

पाटीपेन्सिल: प्रश्नपत्रिकेचा अनुवाद करताना अडले आहे. मूळ प्रश्नात उताऱ्याची ‘मेन आयडिया’ विचारली होती. मी ‘मुख्य विषय ओळखा’ असे केले. मुलांनी ‘मधमाश्या’ लिहिले आणि गुण गेले, कारण अपेक्षित उत्तर होते, ‘मधमाश्या घटल्या की परागीभवन कमी होऊन पीक घटते’. चूक मुलांची नाही, माझ्या शब्दाची. फार लागले मनाला. काय म्हणावे?

शेवंती: ‘मध्यवर्ती कल्पना’. कवितेखाली हेच विचारत.

पाटीपेन्सिल: माहितीपर उताऱ्यात ‘कल्पना’ म्हटले की मुलांना मनाने रचलेले वाटते.

रेघोट्या: मग ‘मुद्दा’. विषय एका शब्दात सांगता येतो, मुद्द्याला क्रियापद लागते. मला वाटते ‘मुद्रा’वरून आला असावा, मनावर ठसतो तो.

जुनावाचक: मुद्रेचा संबंध नाही. अरबी ‘मुद्दआ’, म्हणजे ज्याचा दावा केला ते. ‘दावा’ही त्याच धातूचा.

शेवंती: मग आपला ‘तात्पर्य’ असताना अरबी कशाला?

रेघोट्या: ‘मुद्दा’ आपला नाही? ‘मुद्देसूद’ बोलायचेही सोडू का? आणि तात्पर्य म्हटले की मुले गोष्टीखालची शिकवण लिहितात.

जुनावाचक: अरबीचे सोवळे मलाही मान्य नाही. पण तात्पर्याला शिकवणीत कोंडू नका. ‘तत्पर’ म्हणजे त्याकडे रोख असलेला. तात्पर्य म्हणजे तो रोख. ग्रंथाचे तात्पर्य ठरवायला मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांनी, कसोट्या घातल्या आहेत: आरंभ आणि शेवट कशाने होतो, पुन्हा पुन्हा काय येते (यालाच ते ‘अभ्यास’ म्हणतात), नवे काय सांगितले, फळ काय, स्तुती कशाची, युक्तिवाद कोणता. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी गीतेला याच लावल्या.

पाटीपेन्सिल: आत्ता लावून पाहिल्या. उतारा फुललेल्या शेतापासून सुरू होतो, फळ न धरलेल्या झाडांवर संपतो. मधमाशी मधल्या दोन परिच्छेदांतच आहे! पण दहा वर्षांच्या मुलाला ‘तात्पर्य’ कळेल?

शेवंती: आई विचारायची, ‘मतितार्थ काय?’ तेच लिहा.

रेघोट्या: ‘मथितार्थ’. मथित म्हणजे घुसळलेले. घुसळून वर आलेला अर्थ. ‘मतित’ असा शब्दच नाही.

शेवंती: नसेल संस्कृतात. आमच्या घरात कायम ‘मतितार्थ’च होता, आणि कुणाचे काही अडले नाही.

जुनावाचक: बोलण्यात असू द्या. प्रश्नपत्रिकेत ‘थ’च हवा.

शेवंती: का? लोक बोलतात ते शुद्ध नाही, हे ठरवले कोणी?