काहीच झालं नाही, म्हणजे मी चुकले का?

उंबरठा (धागाकर्ती)

मार्च २०२० चा दुसरा आठवडा. जागतिक आरोग्य संघटनेने ११ तारखेला कोविडला महासाथ म्हटलं होतं, पण आमच्याकडे तोवर कशावरच बंदी नव्हती. भावाच्या निवृत्तीचा कार्यक्रम होता. बंद सभागृह, चाळीसेक माणसं. आदल्या रात्री फोन केला, "दादा, मी येत नाही. जमलं तर तूही पुढे ढकल." त्याने ढकलला नाही. कार्यक्रम पार पडला आणि त्यातलं एकही माणूस आजारी पडलं नाही.

इतकी वर्षं झाली, घरात अजून माझं नाव 'भित्री' आहे. दादा म्हणतो, "आयुष्यात एकदाच येणारा दिवस होता, तू उगाच चुकवलास." यावर काय बोलू? खरंच काही झालं नाही.

तरी मला वाटतं मी बरोबर होते. साथीच्या सुरुवातीला ठरवायचं असतं तेव्हा माहिती हाती नसते, आणि माहिती येईपर्यंत ठरवायची वेळ निघून गेलेली असते. अशा वेळी घरी थांबून माझा एक दिवस जातो. बाहेर पडून माझा अंदाज चुकला तर त्याची किंमत बहुतेक वेळा असा कुणीतरी मोजतो, जो त्या सभागृहात आलेलाच नसतो.

तुम्ही तेव्हा काय केलंत? आणि पुन्हा अशी साथ आली तर पहिल्या पंधरवड्यात काय कराल? उत्तरं कडू असली तरी चालतील.

दोन पाय

सभागृहाला मीही गेलो नसतो. पण 'बाहेर पडणं' या दोन शब्दांत आपण सगळंच कोंबतो, आणि माझी तक्रार तिथेच आहे.

मी रोज पहाटे साडेपाचला एकटा चालायला जायचो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. चौथ्या दिवशी वरच्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या, "तुमच्यासारख्यांमुळेच पसरतंय!" संध्याकाळी माझा पाठमोरा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर. खाली सत्तावीस जणांचे शेरे. त्यातले दोघे त्याच दिवशी लिफ्टमध्ये माझ्याशेजारी उभे होते.

जपानने मार्च २०२० मध्येच लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या: हवा न खेळणारी बंद जागा, गर्दी, आणि जवळून बोलणं. इतकं साधं. यात मोकळ्यावर एकट्याने चालणं कुठेच बसत नाही. पण कितीतरी देशांत बागा आणि समुद्रकिनारे बंद केले गेले आणि माणसं चार भिंतींत एकमेकांच्या श्वासात बसली. भीतीने घरी थांबणं मी समजू शकतो. भीतीने दुसऱ्याचा फोटो काढणं मला अजून समजलेलं नाही.

वजाबाकी

धागाकर्तीशी पूर्ण सहमत. दादांच्या मुद्द्याला आकड्यांनीच उत्तर द्यावं लागेल.

रुग्ण दर तीन दिवसांनी दुप्पट होत असतील तर पंधरा दिवसांत पाच वेळा दुप्पट, म्हणजे बत्तीस पट. आज शंभर, पंधरवड्याने तीन हजार दोनशे. त्यात लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला सरासरी पाचेक दिवस, मग चाचणी, मग अहवाल. पेपरात छापलेला आकडा आठ-दहा दिवसांपूर्वीचा असतो. 'अजून आपल्याकडे काही नाही' हे वाक्य आपण नेहमी जुन्या बातमीवर बोलतो. शिवाय या आजारात लक्षणं दिसण्याआधीच माणूस तो पसरवू शकत होता, त्यामुळे 'मला काही होत नाहीये' यालाही अर्थ नव्हता.

दादांच्या कार्यक्रमाच्याच आठवड्यातली गोष्ट. १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात एका गायनवृंदाची तालीम झाली. ६१ जण, अडीच तास. लोकांनी हस्तांदोलनही टाळलं होतं. एकाला सर्दीसारखं वाटत होतं. त्या एकाला धरून ५३ जण आजारी पडले, ३३ चाचणीने सिद्ध आणि २० बहुधा त्याच आजाराचे. दोघे गेले. बंदी तिथेही नव्हती. ते लोक बेफिकीर नव्हते, तुमच्या दादांसारखेच होते. फरक एवढाच की त्या खोलीत तो एकजण होता आणि दादांच्या खोलीत नव्हता.

आता १९१८ चा इन्फ्लुएंझा बघा. फिलाडेल्फियात पहिले रुग्ण १७ सप्टेंबरला नोंदले गेले, तरी २८ तारखेला युद्धकर्जाच्या प्रचाराची मिरवणूक निघाली. सुमारे दोन लाख लोक जमले. शाळा, चर्च, नाट्यगृहं बंद झाली ३ ऑक्टोबरला. सेंट लुइसमध्ये पहिले रुग्ण ५ ऑक्टोबरला आणि बंदी ७ तारखेला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांत. सर्वांत वाईट आठवड्यातले जादा मृत्यू फिलाडेल्फियात दर लाखामागे २५७ पर्यंत गेले. सेंट लुइसमध्ये त्या शरदात ३१ च्या वर गेले नाहीत.

दोन दिवस आणि दोन आठवडे, एवढाच सगळा वाद आहे.

रात्रपाळी

सगळे शहाणे लोक बोलून झाले असतील तर मी बोलतो.

मी त्या वेळी एका इमारतीत रखवालदार होतो. पाळी संध्याकाळी सातची. घरी एक खोली, आम्ही सहा जण. 'घरी सुरक्षित राहा' असं फोन लावला की रेकॉर्ड वाजायचं. सहा जण एका खोलीत, एका नळावर सगळी चाळ. त्यात बाहेर जास्त सुरक्षित की घरात, हे वजाबाकी साहेबांनी सांगावं.

इमारतीतल्या लोकांनी पहिल्या दिवसापासून दारं लावली. चांगलं केलं. पण त्यांची औषधं, पार्सलं, गॅस, सगळं गेटवर यायचं आणि आम्ही दोघे ते वर दारापर्यंत न्यायचो. बेल वाजवून मागे सरकायचं. एक काका मास्क लावून दार किलकिलं करायचे आणि मला विचारायचे, "तुम्ही बाहेर फार फिरत नाही ना?"

ताई, तुम्ही घरी थांबलात ते मी चूक म्हणत नाही. पण तुम्ही लिहिलंय की घरी थांबून फक्त एक दिवस जातो. आमचा एक दिवस म्हणजे त्या दिवसाचा पगार. भारतात २४ मार्चला रात्री आठला सांगितलं आणि बारापासून सगळं बंद. चार तास. त्यानंतर माणसं शेकडो मैल चालत गावाकडे निघाली. ती हौसेने बाहेर पडली नव्हती.

उंबरठा

रात्रपाळी, 'एक दिवस जातो' हे मी माझ्या पगारी रजेच्या उंचीवरून लिहिलं. ते वाक्य मागे घेते.

पण एक विचारते. ज्याला बाहेर पडणं भागच आहे, त्याच्यासाठी तरी ज्याला थांबता येतं त्याने थांबू नये का? मी सभागृहात गेले नाही म्हणजे तुमच्या वाटेतला एक माणूस कमी झाला, असं मला वाटायचं.

रात्रपाळी

हे पटतं. फक्त मग थांबणाऱ्याने गेटवरच्या माणसाला 'फिरत नाही ना' विचारू नये.

खिडकी

मी मुळातच असहमत आहे, आणि मला आकडे नकोत.

माझी आई एका वृद्धाश्रमात होती. तिथे भेटी बंद झाल्या मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात. तोवर आतल्या कुणालाही लागण नव्हती. आईला विस्मरणाचा आजार होता. मी रोज चारला जायचे, तिचे केस विंचरायचे, ती मला तिची बहीण समजायची. ते बंद झालं. व्हिडिओ कॉलवर ती फोनच्या मागे बघायची, मी तिथे लपलेय असं वाटून. मे महिन्यात तिने खाणं सोडलं. जूनमध्ये गेली. कोविड तिला कधीच झाला नाही.

तुमच्या कोणत्या रकान्यात तिला टाकाल? 'वाचलेली' माणसं मोजताना ती वाचलेली धरली गेली असेल का?

सुरुवातीला सगळं बंद करणं सोपं असतं कारण त्याची किंमत सावकाश दिसते. जगभर दीड अब्जाहून जास्त मुलांची शाळा एका वेळी बंद होती. माझ्या शेजारची मुलगी सातवीत गेली ती नववीतच शाळेत परत आली, आणि आल्यावर वर्गात तोंड उघडेना. 'काहीच झालं नाही' हे वाक्य धागाकर्तीच्या भावाला लागू असेल. माझ्याकडे घरात बसून बरंच काही झालं.

वजाबाकी

खिडकी, तुमच्या आईबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तिला कुठल्या रकान्यात टाकावं याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते नसताना मी पंधरा दिवसांचं गणित मांडत होतो.

एवढंच म्हणेन की वृद्धाश्रम उघडे ठेवणं हाही पर्याय साधा नव्हता. स्वीडनने टाळेबंदी लावली नाही, लहान मुलांच्या शाळाही चालू ठेवल्या. पण पहिल्या लाटेत तिथले वृद्धाश्रम फार वाईट रीतीने सापडले. वृद्धांना वाचवण्यात देश कमी पडला, असं सरकारने नेमलेल्या आयोगानेच २०२० च्या डिसेंबरमध्ये लिहिलं. भेटी बंद ठेवून माणसं एकटेपणाने गेली, दारं उघडी राहिली तिथे आजाराने गेली. मधली वाट पहिल्या महिन्यात कुणाला सापडली नव्हती, कारण मास्कबद्दलही एकमत नव्हतं. निरोगी माणसांनी गर्दीत कापडी मास्क वापरावा असं जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं ५ जून २०२० ला.

दोन पाय

तीच तर गोष्ट. जूनपर्यंत आपण हात धुत होतो, पार्सलं पुसत होतो. हवेतून पसरण्याकडे नीट लक्ष द्या असं शास्त्रज्ञांना जुलैत जाहीर पत्र लिहून सांगावं लागलं, २३९ जणांच्या पाठिंब्याने. मग सामान्य माणसाने वेगवेगळं वागलं तर त्याला मूर्ख किंवा भित्रा का म्हणायचं? जो तो आपल्याला दिसलेल्या तुकड्यावरून ठरवत होता.

आणि वजाबाकी, सेंट लुइसची गोष्ट अर्धी सांगितलीत. नोव्हेंबरात निर्बंध सैल केल्यावर तिथेही रुग्ण पुन्हा चढले. लवकर थांबण्याने आजार जात नाही, वेळ मिळतो. त्या वेळात काय केलं यावर सगळं. न्यूझीलंडने २०२० च्या मार्चअखेरीस दोनेकशे रुग्ण असताना, एकही मृत्यू झालेला नसताना सगळं बंद केलं, आणि ८ जूनला जवळपास सगळं उघडलं. तिथे लोकांना त्या बंदचा शेवट दिसला. बहुतेक ठिकाणी तो दिसला नाही, आणि शेवट न दिसणाऱ्या नियमाला माणसं आपापल्या परीने तोडत गेली.

वजाबाकी

सेंट लुइसचा मुद्दा मान्य. अर्धीच सांगितली हे खरं.

एक गोष्ट धागाकर्तीसाठी. जेफ्री रोझ नावाच्या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञांनी १९८१ मध्येच एक विसंगती मांडली होती: समाजाला ज्या उपायाचा खूप फायदा होतो, त्यातून प्रत्येक एकट्या माणसाला फारसं काही मिळताना दिसत नाही. तुमचे दादा तुम्हाला त्यातलं 'एकट्या माणसाचं' गणित विचारताहेत. त्या गणितात ते जिंकणारच. चाळीस-चाळीसच्या हजार कार्यक्रमांपैकी बहुतेक बिनघोर पार पडले असतील. प्रश्न त्या हजारांचा मिळून आहे, आणि तो प्रश्न कुठल्याही एका सभागृहात बसून दिसत नाही.

पाऊलवाट

एवढे दिवस फक्त वाचत होते.

मी गेले होते. कार्यक्रम तसलाच, आठवडाही तोच. बंदी नव्हती. आठ दिवसांनी वडील आजारी पडले. मला काहीच झालं नव्हतं. ते त्याच आठवड्यात बँकेतही गेले होते, दवाखान्यातही. कुठून आलं हे कधीच कळणार नाही. डॉक्टर म्हणाले, विचार करू नका.

उंबरठा, तुमच्या भावाने तुम्हाला भित्री म्हणणं सोसवत नाही हे समजतं. मला कुणी काहीच म्हटलं नाही. आई तर एकदाही नाही. कधी कधी वाटतं, म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

उंबरठा

पाऊलवाट, मी काय लिहू. दादाही तुमच्याच जागी असू शकला असता, हे मी आजवर त्याला सुनवायला वापरत आले. आज तुमचं वाचून पहिल्यांदा त्याच्यासाठी भीती वाटली.

मला अजूनही पुन्हा तसंच वागायचं आहे. बंद खोलीत, पहिल्या आठवड्यांत, मी जाणार नाही. पण दादाला फोनवर 'येत नाही' सांगताना माझ्या आवाजात 'तू बेजबाबदार आहेस' होतं, आणि त्याने बहुधा तेवढंच ऐकलं.

रात्रपाळी

पुढच्या वेळी मला सुरुवातीचे पंधरा दिवस घरी थांबायचंय. खरंच थांबायचंय. त्या पंधरा दिवसांचा पगार कोण देणार, एवढं आत्ताच ठरवून ठेवा.

खिडकी

आणि मी आत जाईन. मास्क लावून, खिडक्या उघडून, चाचणी करून, तुम्ही म्हणाल ते सगळं करून. पण चार वाजता आत जाईन.

वजाबाकी

माझ्याकडून हरकत नाही. फक्त चाचणीचा अहवाल यायच्या आत नाही.

खिडकी

अहवालाला तेव्हा तीन दिवस लागायचे. तिच्याकडे तीन दिवसांपूर्वीची मी नव्हते.